वर चांदी, खाली सोनं

माझ्या दातांवरच्या तारा निघाल्या त्या दिवशी मी आरशासमोर पाऊण तास हसले. दोन वर्षं आणि तीन महिने मी ओठ मिटून हसत होते, फोटोत मागच्या रांगेत उभी राहत होते, आणि उत्तर येत असूनही वर्गात हात वर करत नव्हते, कारण 'स' म्हणताना समोरच्याला छत्री लागायची. तारा निघाल्या आणि पंधरा दिवसांत मी आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत नाव दिलं. आणि पहिली आले! विषय होता 'मौनाचे महत्त्व'. मौनावर मी सलग नऊ मिनिटं बोलले. सातव्या मिनिटाला घंटा वाजली होती, पण मला वाटलं टाळ्यांची सुरुवात झाली.

चषक चांगला वीतभर उंच होता. तो मी आईच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, शोकेसच्या सर्वात वरच्या फळीवर, बरोब्बर मधोमध ठेवला. तिथे बसणाऱ्या प्रत्येक दातदुखीवाल्याला तो दिसलाच पाहिजे, असा.

आई दातांची डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर. बाबा जहाजावर, त्यामुळे ते वर्षातले सहा महिने घरी आणि सहा महिने फोनमध्ये. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी एक टेबल आहे, ते आजोबांचं. आजोबा म्हणजे आईचे वडील. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, दुकान बंद केलं, पण हात बंद होईनात. म्हणून आईने त्यांना ती खिडकी दिली. डोळ्याला भिंग लावून ते तिथे बसतात, आणि लोक आत दाढ काढून घेईपर्यंत बाहेर त्यांच्या घड्याळाचा सेल बदलून होतो. "एका दुखण्यावर एक दुरुस्ती मोफत," असं ते म्हणतात. मला ते 'टिकटिक' म्हणतात. तारा होत्या तेव्हासुद्धा म्हणायचे, कारण घरी मी तेव्हाही गप्प नसायचे.

आता ताई. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, दातांच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला, घरापासून बसने अडीच तासांवर. ताईबद्दल लोक 'सोन्यासारखी पोरगी' असं म्हणतात. माझ्याबद्दल 'ही पण हुशार आहे हं' असं म्हणतात. त्या 'पण'ने माझं आयुष्य नासवलंय. ताई माझ्या वयाची होती तेव्हा आई तिला आतल्या खोलीत घेऊन जायची. पेशंटच्या तोंडातली लाळ ओढणारी नळी ती धरायची. मी आत पाऊल टाकलं की आई म्हणते, "बाहेर. तू बोलशील."

चषक वरच्या फळीवर बरोब्बर नऊ दिवस राहिला.

दहाव्या दिवशी आजोबा घड्याळाचे सुटे भाग आणायला म्हणून सकाळी गेले आणि संध्याकाळी दात चमकवत आले. गेल्या महिन्याभरात सुटे भाग आणायची ही त्यांची तिसरी खेप होती, आणि तिन्ही वेळा ते गेले होते ताईच्या कॉलेजात! खालच्या उजव्या दाढेवर सोन्याची कॅप. ताईच्या हातची पहिली.

"बघ, बघ!" आजोबांनी खिडकीच्या उजेडात तोंड उघडलं. "पोरीने मेणात कोरली, मग ओतली, मग तासली. घड्याळातलं चाकसुद्धा इतकं चपखल बसत नाही."

आई हातमोजे काढत बाहेर आली. लांबूनच बघितलं. "छान," म्हणाली, आणि आत निघून गेली. तिला गहिवरून आलं असणार, असं मी धरून चालले, आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्या चषकाला तिने 'छान'च्या पुढे 'जेवायला चल' असं म्हटलं होतं. गहिवर वगैरे नाही.

आजोबांनी सोबत त्यांच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा आणला होता. पांढरा, दात विचकलेला. तो शोकेसमध्ये ठेवायला जागा हवी होती. मी शाळेतून आले तर जबडा वरच्या फळीवर, आणि माझा चषक खालच्या फळीवर, प्लास्टिकच्या फुलांच्या मागे.

"आजोबा!"

"अगं टिकटिक, चषक काय, तू आणखी दहा आणशील. जबडा माणसाला एकच असतो."

मी दातओठ खाल्ले. निदान आता ते सरळ तरी होते.

त्या आठवड्यात जो येईल तो आजोबांच्या तोंडात डोकावून जायचा. पोस्टमन डोकावला. माझ्या वर्गशिक्षिका रूट कॅनालला आल्या होत्या, त्या डोकावल्या आणि मला म्हणाल्या, "तुझी ताई म्हणजे कमाल आहे!" स्वतःच्या किडक्या दाढेला हात लावून! रोज रात्री जेवताना ताईचा फोन आणि रोज आजोबांचं "अगदी झकास". एकदाच ताईने आईला काहीतरी विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "ते तुझ्या सरांना विचार ना. मोठी माणसं ती. आम्ही काय, गल्लीतल्या डॉक्टर." मला वाटलं, गंमत करतेय.

आणि मग मला टोस्ट दिसला.

टेबलावर माझी जागा आजोबांच्या समोर. ते टोस्ट डाव्या बाजूने चावत होते. सफरचंद डाव्या बाजूने. सूप प्यायला त्यांनी स्टीलचा चमचा बाजूला ठेवून लाकडी घेतला. सोनं उजवीकडे, आणि अख्खा माणूस डावीकडे! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

"आजोबा, उजवीकडे दुखतंय ना?"

"छे."

"मग हे बिस्किट उजवीकडून खा."

त्यांनी भिंग काढलं. बिस्किटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आतल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं.

"तू वकील हो," ते हळूच म्हणाले. "दुखत नाही गं. झिणझिणतं. दात दातावर टेकला की सेल चाटल्यासारखं लागतं."

हे फक्त आजोबाच म्हणू शकतात. कारण ते खरंच सेल चाटतात. चाळीस वर्षांची सवय. घड्याळातला छोटा गोल सेल मेलाय की जिवंत आहे हे बघायला त्यांच्याकडे काट्याचा मीटर आहे, पण ते आधी सेलवरून आलेल्या दोन बारीक तारा जिभेच्या टोकाला लावतात. झिणझिणलं, आंबट-धातूसारखी चव आली, की जिवंत. मीटर नुसता साक्षीला. आई ओरडते, पण ते म्हणतात, "तुझं हत्यार तुला, माझी जीभ मला."

"म्हणजे ताईच्या कॅपमध्ये करंट आहे?"

"कॅपमध्ये नाही. खाली सोनं आणि वरच्या दाढेत जुनी चांदी भरलेली आहे. दोन धातू आणि मध्ये लाळ. सेल म्हणजे दुसरं काय असतं?" ते अगदी सहज बोलले, एखाद्या घड्याळाचा बिघाड सांगावा तसे. "पहिल्या दिवशी बसमध्येच कळलं मला. पण हे बघ टिकटिक, कोणाला सांगायचं नाही. पहिलं काम आहे पोरीचं. एवढ्याशा झिणझिणीने कोणी मरत नाही. हळूहळू बसतंही ते म्हणे."

"आईला तरी..."

"आईला तर मुळीच नाही. शब्द दे."

मी शब्द दिला. आणि खरं सांगते, देतानाच माझ्या पोटात एक फटाका फुटला. ताई चुकली! ताई चुकली होती, ती पण सोन्यात, ती पण शोकेसच्या वरच्या फळीवर!

त्याच दुपारी मी आईचं जाडजूड पुस्तक काढलं. मी अभ्यासाचं पुस्तक कधी इतक्या प्रेमाने वाचलं नव्हतं. दातात भरायची चांदी म्हणजे निव्वळ चांदी नसतेच मुळी. चांदी, कथील, तांबं यांची पूड आणि त्यात पारा. कालवलं की लोण्यासारखं मऊ होतं, दाढेत दाबून बसवलं की दगड. पण तोंड म्हणजे काही तिजोरी नाही. तिथे दिवसभर लाळेचं खारट पाणी, आंबट, गरम, गार. ती चांदी वर्षानुवर्षं गंजत असते. काळी पडते, आतलं कथील सर्वांत आधी विरघळायला लागतं, कडा झिजतात. आणि तिच्याजवळ सोनं आलं तर संपलंच. सोनं ढिम्म बसून राहतं. त्याला काही होत नाही. गंजते ती शेजारची.

हे वाक्य मी तीनदा वाचलं. सोन्याला काही होत नाही, गंजते ती शेजारची! मला त्या चांदीला मिठी मारावीशी वाटली.

आता शहाण्या मुलीने काय केलं असतं? आईकडे गेली असती, नाहीतर ताईला गुपचूप फोन केला असता. मी प्रयोग मांडला. कारण नुसतं सांगितलं असतं तर आई म्हणाली असती, 'तुला काय कळतं', आणि ताईने सगळं निस्तरून पुन्हा शाबासकी मिळवली असती. मला पुरावा हवा होता. काळाकुट्ट, बरणीत दिसणारा.

आईने काढलेल्या दातांची एक बाटली असते, कॉलेजच्या मुलांना सरावाला द्यायला. त्यातून चांदी भरलेल्या दोन दाढा मी घेतल्या. कॅप ओतून उरलेला सोन्याचा मण्याएवढा तुकडा ताईने आजोबांना आठवण म्हणून दिला होता. तो त्यांच्या स्क्रूंच्या डबीत असायचा.

"कशाला हवाय?"

"शाळेचा प्रयोग."

"परत दे हं. नाहीतर ताईला काय तोंड दाखवू?"

"दाखवताय ते पुरे आहे," मी म्हटलं.

जॅमच्या दोन रिकाम्या बरण्या. दोन्हीत एकेक दाढ. एका दाढेच्या चांदीला सोन्याचा तुकडा दोऱ्याने घट्ट बांधला, दुसरी एकटी. लाळ जमवायचा प्रयत्न केला, पण सबंध अर्धा तास थुंकून अर्धा चमचा झाली, तेव्हा मिठाचं पाणी घातलं. बरण्या माझ्या पलंगाखाली. रोज सकाळी उठल्याबरोबर मी पोटावर झोपून त्यांच्याकडे बघायचे.

पहिले तीन दिवस काहीच नाही. मला झोप लागेना. टेबलावर आजोबा डाव्या बाजूने चावत होते आणि मी मनात म्हणत होते, गंज ना गं बाई, लवकर गंज. पाचव्या दिवशी बांधलेल्या दाढेची चकाकी गेली. आठव्या दिवशी दोऱ्याच्या कडेने काळी रेघ. एकटी दाढ जवळपास होती तशीच. मी तारखा टाकून चित्रं काढली. माझी वही इतकी सुंदर कधीच नव्हती. दहाव्या दिवशी आजोबांनी सूप अर्धं ठेवलं. म्हणाले, "भूक नाही." मी ते ऐकलं. मी ऐकलं, आणि मनात हिशोब केला की ताई रविवारी येतेय, म्हणजे अजून दोनच दिवस.

रविवारी दवाखाना बंद असतो. ताई सकाळच्या बसने आली, पाठीवर भली मोठी सॅक, केस विंचरलेले नाहीत तरी छान दिसणारी. माझे गाल ओढले. "दाखव बघू दात! अगं, काय सुंदर बसलेत!" मी दात दाखवले. मनात म्हटलं, बघून घे, आज हेच दात तुला चावणार आहेत.

चहा झाल्यावर मी सगळ्यांना आतल्या खोलीत बोलावलं. हो, आतल्या! आईच्या डोळ्यांदेखत मी तिच्या खोलीत उभी होते आणि तिने हाकललं नाही, कारण माझ्या हातात दोन बरण्या, एक वही आणि आजोबांचा काट्याचा मीटर होता आणि तिला कुतूहल वाटलं असावं.

"टिकटिक," आजोबा दारातच थांबले. त्यांना मीटर दिसला होता. "नको."

"दोन मिनिटं, आजोबा. खुर्चीत बसा."

"तू शब्द दिलाय मला."

"कसला शब्द?" आईने विचारलं.

मग काय! उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी सुरू झाले. आवाज स्पर्धेतला, हात स्पर्धेतले. ही पहिली बरणी, ही दुसरी. ही एकटी चांदी, ही सोन्याच्या संगतीतली चांदी. बघा कोण काळं पडलंय! "आणि हेच," मी आजोबांकडे बोट केलं, "हेच आज आपल्या घरातल्या एका तोंडात घडतंय. ज्या कॅपचं जगभर कौतुक झालं, जिच्यासाठी काही चषकांना खालच्या फळीवर जावं लागलं, तिने माझ्या आजोबांच्या तोंडाचा सेल करून टाकलाय!"

ताईच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे जावं ते न कळल्यासारखं तिथेच अडकलं. "आजोबा? झिणझिणतंय तुम्हाला?"

"थोडंसं. अगदी थोडंसं, बाळा. ही काहीतरीच..."

"हाताच्या काकणाला आरसा कशाला?" मी म्हटलं. "आ करा."

त्यांनी आ केला. बहुतेक मला गप्प करायचा तोच एक मार्ग उरला होता. मी मीटरची एक सुई खालच्या सोन्यावर टेकवली, दुसरी वरच्या चांदीवर. काटा हलला. नुसता हलला नाही, थरथरत वर गेला आणि थांबला. व्होल्टच्या तिसऱ्या हिश्श्याइतका करंट, माझ्या आजोबांच्या तोंडात!

खरं तर तो करंट नव्हे, विजेचा दाब. हे मला ताईनेच नंतर सांगितलं. अशा वेळीही तिला चुका दिसतात.

पण त्या क्षणी तिला चुका काढायचं सुचत नव्हतं. पांढरी पडली होती. जन्मात पहिल्यांदा मी ताईला पांढरी पडलेली बघत होते. ज्या आनंदाची मी बारा दिवस वाट बघितली होती तो आत्ता येईल, मग येईल, असं मला वाटत होतं.

आईने दिवा ओढून घेतला. तोंडात घालायचा छोटा आरसा उचलला आणि आजोबांच्या दाढा बघायला लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की कॅप बसल्यापासून तिने त्यांच्या तोंडात एकदाही बघितलं नव्हतं. पोस्टमनने बघितलं होतं, तिने नाही.

"बाबा, ही वरची चांदी पार गेलीय," ती म्हणाली. "कडा तुटल्यात. खड्डे पडलेत. काळी ठिक्कर. ही भरली कुणी?"

आजोबांचं तोंड उघडं होतं, त्यांना बोलता येत नव्हतं. ते नुसते तिच्याकडे बघत राहिले.

"आई," ताई हळूच म्हणाली, "तू."

आईचा आरसा हवेतच राहिला.

"तूच भरलीस. कॉलेजात असताना. तुझं पहिलं काम. कॅप बसवली त्या दिवशी आजोबांनी मला खुर्चीत सांगितलं. म्हणून तर मी तुला त्या रात्री फोनवर विचारलं, वरची चांदी किती जुनी आहे, सोन्याला टेकत असेल का, बदलून घ्यावी का. तू म्हणालीस, सरांना विचार. सर म्हणाले, थोडे दिवस झिणझिणेल, मग बसेल. मी रोज रात्री विचारत होते ना आजोबांना? रोज म्हणायचे, झकास."

 

आई स्टुलावर बसली. "मला वाटलं," ती आजोबांना म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी माझ्यासारखा लागला, माझा चषक खाली गेला तेव्हाच्या माझ्यासारखा. "वीस वर्षं मी म्हणतेय, बाबा, या खुर्चीत बसा, मला नीट बघू द्या. तुम्ही म्हणता, पेशंटची वेळ खाऊ नको. आणि तिच्यासाठी तीन-तीन वेळा बसने गेलात. मला न सांगता. दारात माझा बोर्ड आहे आणि माझा बाप दुसरीकडे दात करून येतो. नाही बघितलं मी. नाही बघावंसं वाटलं."

म्हणजे तो गहिवर नव्हता! आई जळत होती. माझी आई, ताईवर! मला इतकं आश्चर्य वाटलं की मी जवळजवळ टाळी देणार होते.

आजोबांनी तोंड मिटलं, आणि मिटताना त्यांचा उजवा डोळा बारीक झाला. दात दातावर टेकला होता. ते सगळ्यांनीच बघितलं.

"तुझ्याकडे येऊन काय करू?" ते आईला म्हणाले. "तू उघडून बघितलं असतंस तर म्हणाली असतीस, ही चांदी काढू. तुझं पहिलं काम आहे ते. मला नव्हतं काढायचं."

आईने डोळे पुसले, मग एकदम माझ्याकडे वळली. "तुला कधीपासून माहीत होतं?"

मला वाटलं होतं हा प्रश्न येईल तेव्हा मी छाती काढून उत्तर देईन. वहीत तारखा होत्या.

"बारा दिवस," मी म्हटलं.

"बारा दिवस? आणि तू बरण्या भरत बसलीस?"

"मला पुरावा..." मी म्हटलं, आणि मला ते अर्धं सूप आठवलं. पुढचं वाक्य आलंच नाही. नऊ मिनिटं बोलणारी मी.

"आपलेच दात आणि आपलेच ओठ," आजोबा म्हणाले. "कोणाला काय बोलायचं. सोडा."

"सोडा कसलं? आपण दोघी हात धुऊ," आई म्हणाली, पण 'दोघी'मध्ये मी नव्हते हे तिच्या मानेवरूनच कळलं. "ताई, तू काढ ही चांदी. मी नळी धरते. पांढरं भरू, त्यात धातू नसतो, म्हणजे सोन्याला भांडायला कोणी उरणार नाही. आणि तू," माझ्याकडे न बघता, "बाहेर."

मी बाहेर गेले. आजोबांच्या खिडकीपाशी, त्यांच्या खुर्चीत बसले. आत आधी आईचा आवाज, मग मशीनचा. मधेच आई ताईला म्हणत होती, "चांदी गंजते म्हणून तर टिकते, माहितेय ना? तो गंजच कडेच्या फटीत जाऊन बसतो आणि फट बुजवतो. थोडा गंज चांगला. ही जास्त झाली." आणि ताई "हो, आई" म्हणत होती. आणि मी काचेपलीकडच्या त्या प्लास्टरच्या जबड्याकडे बघत होते, आणि मला काय वाटत होतं सांगू? अजूनही जळत होते मी! आत त्या दोघी होत्या, एकाच दिव्याखाली, आणि मी बाहेर. फक्त आता जळायची लाजही वाटत होती. म्हणजे दुप्पट त्रास.

अर्ध्या तासाने ताई बाहेर आली. तिच्या हातात झाकणाची छोटी बाटली होती, पाण्यात काळे-करडे तुकडे.

"घे. तुझ्या प्रयोगाला," ती म्हणाली. "सव्वीस वर्षांची खरी चांदी. झाकण उघडू नकोस, आत पारा आहे. आणि बरण्यांची चित्रं भारी काढलीस गं. माझ्या सरांना दाखवू?"

चिडलेली नाही, रडलेली नाही. चांगुलपणातसुद्धा पहिला नंबर! असह्य मुलगी आहे.

"ताई," मी म्हटलं. "मला तू रडायला हवी होतीस."

"माहितेय," ती म्हणाली. "मी कॉलेजला लागले तेव्हा तू आईच्या कुशीत झोपायचीस रोज. मी तिकडे वसतिगृहात उशीला चावायचे." मग माझा गाल ओढला, या वेळी जरा जास्तच जोरात, आणि वर गेली.

आजोबा सगळ्यांत शेवटी आले. ओठ एका बाजूला बधिर, बोलणं तिरपं. मला त्यांच्या खुर्चीत बघून ते स्टूल ओढून समोर बसले. मी म्हटलं, "सॉरी, आजोबा." इतकं छोटं भाषण मी कधी केलं नव्हतं.

 खणातून त्यांनी दोन सेल काढले, एकावर एक ठेवून चिमट्यात धरले आणि त्यांच्या दोन बारीक तारा माझ्यापुढे केल्या.

"जीभ काढ."

मी जीभ काढली. तारा टेकल्या. टोकाला बारीक सुया टोचल्यासारखं झालं आणि मग तोंडभर आंबट, जुन्या किल्लीसारखी चव. मी जीभ आत घेणार, तेवढ्यात आजोबा तिरप्या ओठाने म्हणाले, "एक."

मला कळलं. मी जीभ तशीच ठेवली.

"दोन. तीन." ते घड्याळजी आहेत, त्यांचा सेकंद खरा सेकंद असतो. पाचला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सातला लाळ हनुवटीवर आली. नऊला मला वाटलं, आता पुरे. मग वाटलं, त्यांचे दिवस होते, माझे नुसते सेकंद आहेत. बाराला त्यांनी चिमटा बाजूला केला आणि आपल्या रुमालाने माझी हनुवटी पुसली.

"जिवंत आहे," ते म्हणाले. सेलबद्दल की माझ्याबद्दल, त्यांनी सांगितलं नाही.

मग त्यांनी बोटाने डावा गाल ओढला आणि तोंड उघडून दाखवलं. खाली मागे एक दाढ, धड, पिवळसर, कोणाचाच हात न लागलेली.

"ही कीड लागू न देता राखून ठेवलीय," ते म्हणाले. "दोन पोरींची पहिली कामं उजवीकडे झाली. तिसरीसाठी डावी बाजू. पण त्याआधी शिकायला लागेल."

"दातांचं?"

"दातांचं नंतर. आधी बारा दिवसांतली गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायची, एवढं." त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. "आणि त्या फुलांच्या मागून चषक काढ. धूळ बसतेय त्याच्यावर."

मी उठून शोकेसची काच सरकवली. चषक बाहेर काढला, फ्रॉकला पुसला. वरच्या फळीवर जबड्याशेजारी जागा होती तशी, जरा सरकवलं असतं तर बसला असता. मी दोघांना जवळ आणून बघितलं. मग मध्ये वीतभर अंतर ठेवलं. चषकाचा धातू कुठला आहे ते मला माहीत नव्हतं.